लूकस एरोस्पेसचा पर्यायी आराखडा : खरेदी करत वाढलेल्या एका कंपनीचे प्रकरण

१९७६ च्या जानेवारीत बर्मिंगहॅमच्या लूकस इंडस्ट्रीज या कंपनीपुढे तिच्याच कामगारांनी एक आराखडा ठेवला. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती आणि बोनसचीही नव्हती. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या लूकस एरोस्पेस या विभागात नोकरकपात अटळ असल्याचे व्यवस्थापन सांगत होते. तसे असेल तर त्याच यंत्रांवर, त्याच माणसांकडून आणखी काय काय बनवता येईल, हे या आराखड्यात तपशिलाने मांडले होते. सहा खंड, प्रत्येक खंड सुमारे दोनशे पानांचा, आणि कामगारांकडून आलेल्या जवळपास दीडशे उत्पादनांच्या कल्पना असे त्याचे स्वरूप होते. कंपनीने तो काही महिन्यांतच फेटाळला.

शस्त्रास्त्रांऐवजी डायलिसिसची यंत्रे बनवा असे सांगणारे सुजाण कामगार आणि त्यांचे न ऐकणारे व्यवस्थापन, अशा बोधकथेच्या रूपात हे प्रकरण बहुधा सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने ते पुरते उलगडत नाही. व्यवस्थापनाने नकार का दिला आणि असा आराखडा तयार करण्याची वेळ व ताकद कामगारांकडे कुठून आली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कंपनी ज्या रीतीने वाढली त्या रीतीत आहेत. लूकस ही प्रामुख्याने इतरांचे व्यवसाय विकत घेऊन मोठी झालेली कंपनी होती. विकत घेतलेले कारखाने एकमेकांत बसवताना जी काटछाट करावी लागते, तिच्यातूनच हा संघर्ष उभा राहिला.

दिव्यांपासून जेट इंजिनापर्यंत

जोसेफ लूकस हा १८३४ साली जन्मलेला बर्मिंगहॅमचा माणूस. १८६० च्या सुमारास तो हॉकली भागात हातगाडीवर रॉकेल, बादल्या आणि फावडी विकत असे. रॉकेल विकणारा दिवेही विकू लागला आणि मग ते स्वतः बनवू लागला, हा प्रवास स्वाभाविक होता. मुलगा हॅरी धंद्यात आल्यावर जहाजाच्या दिव्यांपाठोपाठ उंच चाकाच्या सायकलींसाठी दिवे तयार होऊ लागले. पुढच्या चाकाच्या तुंब्याशी टांगता येणारा त्यांचा ‘किंग ऑफ द रोड’ हा दिवा फार खपला. १८९७ मध्ये जोसेफ लूकस लिमिटेड ही भागधारकांची कंपनी झाली. १९०२ मध्ये संस्थापक नेपल्स येथे वारला, तेव्हा मोटारगाडी ही अजून श्रीमंतांची हौस होती.

कंपनीला आकार दिला तो १९१४ या वर्षाने. त्या वर्षी तिने थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी छोटी कंपनी विकत घेतली. इंजिनाला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो तोवर ब्रिटनमध्ये मुख्यतः जर्मनीतून, बॉश कंपनीकडून येत असे. महायुद्ध सुरू होताच तो पुरवठा थांबला आणि लष्करी वाहने व विमाने यांना देशी मॅग्नेटोची गरज पडली. त्याच वर्षी विल्यम मॉरिसच्या मोटारींना विजेची साधने पुरवण्याचा करारही झाला. युद्धानंतर मॉरिसच्या गाड्यांचा खप वाढत गेला तशी लूकसही वाढत गेली. थॉमसन-बेनेटबरोबर आलेला पीटर बेनेट पुढे लूकसच्या सर्वोच्च पदांवर पोहोचला. विकत घेतलेल्या कंपनीतली चांगली माणसे वर नेणे हीसुद्धा या कंपनीची एक रीतच होती.

१९२६ मध्ये लूकसने रोटॅक्स आणि सीएव्ही हे विजेच्या साधनांतले आपले दोन प्रमुख प्रतिस्पर्धी विकत घेतले. १९३१ मध्ये बॉशशी भागीदारी करून सीएव्हीने डिझेल इंजिनाच्या इंधन-पंपांत पाय रोवला आणि १९४३ मध्ये गर्लिंग ब्रेकचा व्यवसायही लूकसकडे आला. डायनॅमो, स्टार्टर, बॅटरी, दिवे, ब्रेक आणि डिझेल पंप असे बहुतेक सगळे एकाच घरातून मिळू लागल्यामुळे मोटार कारखानदारांची लूकसवाचून सोय राहिली नाही. १९६३ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने वाहनांच्या विद्युत साधनांवर अहवाल दिला, त्याच्या केंद्रस्थानी हीच कंपनी होती. जुन्या इंग्रजी गाड्यांचे शौकीन लूकसला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, कारण रात्री ऐन रस्त्यात दिवे जाण्याचा अनुभव अनेकांच्या गाठी आहे. पण थट्टा बाजूला ठेवली तरी ज्याला पर्याय नाही त्या पुरवठादाराची गुणवत्तेची धार हळूहळू बोथट होते, हे आर्थिकदृष्ट्याही समजण्याजोगे आहे. भारतातही १९६१ मध्ये टीव्हीएसच्या भागीदारीत चेन्नईजवळ पाडी येथे लूकस-टीव्हीएस सुरू झाली आणि स्टार्टर व अल्टरनेटरमुळे हे नाव आपल्याकडच्या गॅरेजांतही रुळले.

विमानाच्या बाजूची सुरुवात रोटॅक्सच्या विद्युत साधनांनी झाली, पण खरी झेप जेट इंजिनामुळे घेता आली. फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनात इंधन स्थिरपणे जळावे, ही दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीची मोठी अडचण होती. लूकसचे पत्रेकाम आणि पंप बनवण्याचा अनुभव तिथे कामी आला. ज्वलनकक्ष आणि इंधनव्यवस्था ही तिची खासियत झाली आणि त्या कामासाठी लँकाशायरमधल्या बर्न्ली गावात मोठा कारखाना उभा राहिला. ज्या गावाची ओळख कापडगिरण्यांची होती, तिथे आता विमानांच्या इंजिनांचे भाग बनू लागले.

काटछाट आणि कम्बाइन

१९६० च्या दशकात हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारला ब्रिटिश कारखानदारी फार विखुरलेली वाटत होती. विलीनीकरणांना चालना देण्यासाठी सरकारने इंडस्ट्रियल रीऑर्गनायझेशन कॉर्पोरेशन नेमली होती. दशकाच्या अखेरीस इंग्लिश इलेक्ट्रिककडचा विमान-उपकरणांचा व्यवसाय लूकसकडे आला, तो या मंडळाच्या ३० लाख पौंडांच्या मदतीने. अशा खरेद्यांतून लूकस एरोस्पेस हा विभाग सिद्ध झाला. विल्सडेन, हेमेल हेम्पस्टेड, ल्यूटन, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, कॉव्हेंट्री, ब्रॅडफर्ड, बर्न्ली, लिव्हरपूल अशा सतराएक ठिकाणी त्याचे कारखाने पसरले होते.

कागदावर हा एक विभाग होता. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या मालकांकडून आलेले, वेगवेगळ्या सवयींचे आणि बऱ्याचदा एकच प्रकारचे काम करणारे कारखाने होते. दुहेरी कामे काढून टाकल्याखेरीज खरेदीचा पैसा वसूल होणार नव्हता. १९७० मध्ये सुमारे १८,००० असलेली कामगारसंख्या चार वर्षांत १३,००० च्या आसपास आली.

या ठिकाणी व्यवस्थापनाच्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. कारखाने एका छत्राखाली आणताना त्यातले कामगार प्रतिनिधीही एकमेकांच्या जवळ येणार होते. तोवर प्रत्येक कारखान्यातली, प्रत्येक कौशल्याची संघटना वेगळी होती. फिटरांची एक, ड्राफ्ट्समन व तंत्रज्ञांची दुसरी, कारकुनांची तिसरी, अशा डझनभर संघटना या विभागात होत्या. एका गावातले काम दुसऱ्या गावात हलवून दोघांना झुंजवत ठेवण्याचा डाव प्रतिनिधींच्या लवकरच लक्षात आला. त्यांनी सर्व कारखान्यांची आणि सर्व संघटनांची मिळून शॉप स्टुअर्डांची, म्हणजे कारखान्यांत कामगारांनी निवडलेल्या संघटना-प्रतिनिधींची, संयुक्त समिती स्थापन केली. तिला सगळे ‘कम्बाइन’ म्हणत. अर्नी स्कारब्रो तिचे सचिव होते, तर विल्सडेन येथे डिझाइन अभियंता असलेले, मूळचे आयर्लंडचे माइक कूली तिचे सर्वांत परिचित प्रवक्ते झाले. १९७२ मध्ये बर्न्लीच्या कामगारांनी दीर्घ संप केला तेव्हा त्यांना इतर गावांतून मदत मिळवून देण्याचे काम कम्बाइनने केले आणि तिथून तिच्याविषयीचा विश्वास वाढला.

कम्बाइनचे वेगळेपण तिच्या रचनेत होते. हातात लेथ असणारा आणि हातात टी-स्क्वेअर, म्हणजे आरेखनाची पट्टी, असणारा माणूस एकाच टेबलाशी बसत होते. ब्रिटिश कारखान्यांत या दोघांमधली सामाजिक दरी मोठी असे. पुढचा आराखडा तांत्रिकदृष्ट्या सकस झाला, त्याचे एक मुख्य कारण हे आहे.

आराखडा कसा तयार झाला

१९७४ च्या नोव्हेंबरमध्ये कम्बाइनचे ३४ प्रतिनिधी उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटले. विमान उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाची तयारी चालू होती आणि त्यात लूकस एरोस्पेसही घ्यावी, अशी त्यांची मागणी होती. बेन यांनी ते आपल्या हाती नसल्याचे सांगितले, पण कामगारांनी स्वतःच आपल्या विभागासाठी पर्यायी योजना आखावी, असे सुचवले. ही सूचना सर्वांना रुचली असे नाही. सरकारला जे करता येत नाही ते आपल्या गळ्यात मारले जात आहे, अशी शंका काही प्रतिनिधींना आली. नंतरच्या घटना पाहता ती शंका निराधार नव्हती.

सुरुवातीला समितीने तज्ज्ञांकडे धाव घेतली. विद्यापीठे, संस्था आणि इतर संघटना यांना मिळून सुमारे १८० पत्रे गेली. आमच्याकडे अशी यंत्रे आणि अशी कौशल्ये आहेत, यातून समाजाला उपयोगी असे काय बनवावे, असा त्यांतला प्रश्न होता. उपयोगी उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी आली. मेरेडिथ थ्रिंग, डेव्हिड एलियट आणि रिचर्ड फ्लेचर हे प्रतिसाद देणाऱ्या थोडक्या अभ्यासकांपैकी होत. एरवी मोठमोठ्या सिद्धान्तांची चर्चा करणाऱ्यांना ठोस वस्तू सुचवणे जमले नाही, असा कूलींचा निष्कर्ष होता, आणि तो मला रास्त वाटतो.

मग समितीने तोच प्रश्न आपल्या सहकाऱ्यांना विचारला. प्रत्येक कारखान्यात प्रश्नावली गेली. तुमच्याकडे कोणती यंत्रे आहेत, कोणकोणत्या कौशल्याची किती माणसे आहेत, त्यांचे वय काय, तुम्ही काय बनवायला हवे असे तुम्हाला वाटते, आणि कामगारांनीच चालवायचा झाला तर हा कारखाना कसा चालेल, असे त्याचे स्वरूप होते. उत्पादक म्हणून आणि त्याचबरोबर ग्राहक म्हणूनही विचार करा, अशी खास विनंती त्यात होती. या प्रश्नावलीतून आपोआप सगळ्या विभागाची यंत्रसामग्रीची व कौशल्यांची नोंदवही तयार झाली.

आलेल्या कल्पना वैद्यकीय साधने, पर्यायी ऊर्जा, वाहतूक, ब्रेक यंत्रणा, समुद्रातील कामे आणि दूरनियंत्रित यंत्रे या सहा गटांत लावण्यात आल्या. कंपनीला सादर करण्यासाठी त्यांपैकी मोजकी उत्पादने निवडली आणि पूर्ण तपशील जाणूनबुजून हातचा राखला. कल्पना घेऊन माणसांना घरी पाठवतील, ही भीती त्यामागे होती.

उत्पादनांची पातळी कळण्यासाठी काही उदाहरणे पुरेत. मिश्र मोटारशक्तीच्या योजनेत छोटे पेट्रोल इंजिन एकाच, सर्वांत किफायतशीर वेगाने फिरत राहून बॅटरी भरणार होते आणि चाके विजेच्या मोटरवर चालणार होती. शहरातल्या थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीचा बहुतेक धूर वेग बदलताना होतो, या निरीक्षणावर ही कल्पना उभी होती. रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे धावणाऱ्या गाडीत रबरी टायर वापरायचे होते. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरते, म्हणून नेहमीच्या रेल्वेला अगदी मंद चढ द्यावा लागतो आणि डोंगरात बोगदे व पूल यांवर अफाट खर्च होतो. रबराच्या पकडीमुळे चढ कितीतरी तीव्र ठेवता आला असता. फ्लेचर यांच्या नेतृत्वाखाली या वाहनाचा नमुना प्रत्यक्ष तयारही झाला. अवजड वाहनांसाठीच्या पूरक ब्रेक यंत्रणेमागचा प्रश्नही कागदी नव्हता. १९७५ च्या मे महिन्यात यॉर्कशायरमध्ये उतारावर ब्रेक निकामी होऊन एक बस पुलावरून कोसळली आणि ३३ जण मृत्यू पावले. घरे तापवण्यासाठी वायूवर चालणारा हीट पंप, पवनचक्क्या, सौर संग्राहक आणि घरी वापरता येतील अशी डायलिसिसची यंत्रे हेही यादीत होते.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण सर्वांत छोट्या वस्तूचे आहे. मणक्याच्या जन्मजात दोषाने, म्हणजे स्पायना बिफिडाने ग्रस्त मुलांना स्वतः हिंडता यावे म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यात ‘हॉबकार्ट’ ही छोटी गाडी तयार करण्यात आली. ऑस्ट्रेलियातील स्पायना बिफिडा संघटनेने तशा दोन हजार गाड्यांची मागणी नोंदवली. कंपनीने त्या बनवण्यास नकार दिला.

नकाराचे तर्कशास्त्र

कंपनीचे लेखी उत्तर थोडक्यात असे होते की लूकस एरोस्पेस विमान आणि संरक्षण या आपल्या परंपरागत क्षेत्रातच राहील, आणि तिची सध्याची उत्पादनेही समाजोपयोगीच आहेत. याकडे केवळ आडमुठेपणा म्हणून पाहिले तर व्यवस्थापनावर अन्याय होईल. विभागाचे जवळजवळ निम्मे काम लष्करी होते. अशा कामात ग्राहक एकच, मागणी वर्षानुवर्षांची, आणि खर्च वाढला तर तो बहुतांशी ग्राहकाच्या गळी उतरवता येतो. विमानाच्या भागांसाठी लागणारी अचूकता, तपासणी आणि कागदपत्रे यांचा वरखर्च मोठा असतो. तोच वरखर्च लहान मुलांच्या गाडीवर किंवा हीट पंपावर चढवला तर तिची किंमत साध्या शेडमध्ये काम करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या तोडीची राहत नाही.

आराखड्यातली खरी उणीवही इथेच होती. काय बनवायचे आणि कसे बनवायचे, या बाबतीत तो भक्कम होता, पण कोण विकत घेणार या बाबतीत तो सरकारी खर्चावर विसंबून होता. डायलिसिस यंत्रांचे ग्राहक म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, हीट पंपांचे ग्राहक म्हणजे नगरपालिकांची घरे. १९७६ हे वर्ष तर ब्रिटनने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागितल्याचे आणि सरकारी खर्चाला कात्री लावल्याचे होते. वेळ याहून वाईट असू शकली नसती.

परंतु हॉबकार्टच्या बाबतीत यांतला कोणताही युक्तिवाद लागू पडत नाही. ग्राहक तयार होता, आकडा ठरलेला होता आणि नमुना तयार होता. किंमत जमत नसेल तर तसे सांगून ती बोलता आली असती. तरीही नकार आला, याचा अर्थ मला असा दिसतो की काय बनवायचे हे ठरवण्याचा हक्क वाटून घ्यायचा की नाही, हाच वादाचा मुद्दा होता. एक गाडी मान्य केली असती तर पुढच्या प्रत्येक कपातीच्या वेळी कम्बाइन आपली यादी पुढे करणार होती. व्यवस्थापनाने ते ओळखले होते, आणि खरे तर कम्बाइनलाही तेच हवे होते.

सरकार आणि संघटना यांनी या कोंडीतून मार्ग काढला नाही. बेन यांना १९७५ च्या जूनमध्येच ऊर्जा खात्यात हलवले गेले होते आणि त्यांच्या जागी एरिक व्हार्ली आले होते. मंत्रालय म्हणे, हा विषय कंपनी आणि अधिकृत संघटना यांनी सोडवावा. कंपनी म्हणे, आम्ही कम्बाइन ओळखत नाही, फक्त मान्यताप्राप्त संघटनांशी बोलू. अभियांत्रिकी संघटनांच्या महासंघालाही सगळ्या संघटनांना ओलांडून थेट कारखान्यांतून उभी राहिलेली ही समिती अडचणीचीच वाटे. टोलवाटोलवीत दोन वर्षे गेली. ज्या एकजुटीने आराखडा शक्य केला, त्याच एकजुटीला बसायला अधिकृत खुर्ची नव्हती.

१९७८ मध्ये कंपनीने लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड आणि कॉव्हेंट्री येथे मिळून सुमारे दोन हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. कम्बाइनच्या प्रतिकाराने त्यातला काही भाग लांबला, काही कमी झाला. त्याच वर्षी नॉर्थ ईस्ट लंडन पॉलिटेक्निकमध्ये पर्यायी उत्पादनांच्या अभ्यासासाठी केंद्र निघाले, आणि पुढच्या वर्षी कम्बाइनचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले गेले. १९७९ च्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर यांचे सरकार आल्यावर सरकारी दबावाची उरलीसुरली आशाही संपली. १९८१ मध्ये माइक कूली यांना कंपनीने कामावरून काढले. त्याच वर्षी त्यांना ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, आणि पुढे बृहत्-लंडन परिषदेच्या उद्योग मंडळात तंत्रज्ञान संचालक म्हणून त्यांनी याच कल्पना छोट्या प्रमाणावर राबवल्या.

पुढचा हिशेब

कंपनीने निवडलेला मार्ग सुरक्षित ठरला का, हे तपासणे आवश्यक आहे. १९८१ मध्ये लूकसने आपल्या इतिहासातला पहिला तोटा नोंदवला, मात्र त्याचे मुख्य कारण ब्रिटिश मोटार उद्योगाची घसरण हे होते. ज्या मोजक्या देशी कारखानदारांवर ती पिढ्यान्‌पिढ्या विसंबली होती, त्यांचाच खप आटला होता. त्यानंतर जॉन पार्नाबी यांच्या मार्गदर्शनाखाली जपानी धर्तीची उत्पादनपद्धती आणली गेली. काम करणाऱ्या गटालाच प्रक्रियेची जबाबदारी देणे हा तिचा गाभा होता. कामगाराच्या डोक्यातल्या ज्ञानाला किंमत आहे हे म्हणणे यावेळी कंपनीला पटले, फक्त ते ज्ञान ‘कसे बनवायचे’ एवढ्यापुरतेच मर्यादित ठेवले गेले.

संरक्षणाचा भरवसाही पुरता खरा ठरला नाही. अमेरिकेतील लूकस वेस्टर्न या उपकंपनीने तिथल्या नौदलाच्या लढाऊ विमानांसाठी बनवलेल्या गिअरबॉक्सच्या तपासणीच्या खोट्या नोंदी केल्याचे उघड झाले आणि १९९५ मध्ये दिवाणी दावा मिटवण्यासाठी ८.८ कोटी डॉलर मोजावे लागले. पुढच्याच वर्षी लूकस इंडस्ट्रीजचे अमेरिकी कंपनी व्हॅरिटीबरोबर विलीनीकरण होऊन लूकसव्हॅरिटी झाली. १९९९ मध्ये टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली, २००२ मध्ये टीआरडब्ल्यू स्वतः नॉर्थ्रॉप ग्रमन या अमेरिकी संरक्षण कंपनीच्या ताब्यात गेली, आणि त्या व्यवहाराच्या ओघात एके काळी लूकस एरोस्पेस म्हणून ओळखला गेलेला व्यवसाय गुडरिच या अमेरिकी कंपनीला विकला गेला. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, गुडरिचही युनायटेड टेक्नॉलॉजीजने घेतली. प्रत्येक खरेदीनंतर दुहेरी कामांची यादी नव्याने झाली, आणि यावेळी ती यादी करणारे कार्यालय बर्मिंगहॅमच्या ग्रेट किंग स्ट्रीटवर नसून अटलांटिकच्या पलीकडे होते.